वाचकांचे प्रश्न: साल्वादोर गाइडबरोबर पाहताना

ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या साल्वादोर शहराबद्दल या वेळी बरीच पत्रं आली. बाइया राज्याची ही राजधानी. 1549 मध्ये तोमे दे सोउझा या पहिल्या गव्हर्नर-जनरलने वसवलेली आणि 1763 पर्यंत साऱ्या पोर्तुगीज ब्राझीलची राजधानी असलेली. जुनं शहर 1985 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. निवडक प्रश्नांची उत्तरं देत आहोत.

प्रश्न: ट्रॅव्हल कंपनीच्या कार्यक्रमात साल्वादोरची ‘अर्ध्या दिवसाची सिटी टूर’ आहे. चार तासांत शहर पाहून होतं का? – एक वाचक, पुणे

होत नाही. चार तासांत ‘बारा’ (Barra) नावाच्या किनारी भागातलं दीपगृह, जुन्या शहरातला पेलोरिन्यो चौक आणि बोंफिम चर्च असं सगळं बसवलं, की निम्मा वेळ बसमध्येच जातो. ‘पॅनोरामिक’ हा शब्द कार्यक्रमात दिसला, तर बरीचशी ठिकाणं काचेतून दाखवणार असं समजा. शक्य असेल तर दोन अर्धे दिवस काढा: एक सकाळ पायी जुन्या शहरासाठी आणि एक दुपार गाडीने बोंफिम व बारासाठी.

आधी शहराची रचना लक्षात घ्या, म्हणजे वाट चुकणार नाही. जमिनीतल्या प्रस्तरभंगामुळे, म्हणजे खडकांचे थर तुटून खाली-वर सरकल्यामुळे, इथे साधारण 70 मीटर उंचीचा कडा तयार झाला आहे. कड्यावर वरचं शहर, म्हणजे सत्ता, चर्च, वाडे. कड्याखाली बंदर आणि बाजार. दोन्ही जोडायला 1873 मध्ये लासेर्दा लिफ्ट सुरू झाली. आज दिसतं ते तिचं रूप 1930च्या सुमाराचं. उंची 72 मीटर आणि प्रवास अर्ध्या मिनिटाचा.

सकाळी नऊला लिफ्टच्या वरच्या टोकाला, नगरपालिकेच्या चौकात सुरुवात करा. तिथून साऱ्या उपसागराचं दर्शन होतं आणि पाण्यातला गोल साव मार्सेलो किल्लाही दिसतो. पुढे प्रासा दा से. इथलं जुनं कॅथेड्रल ट्रामच्या रुळांसाठी 1933 मध्ये पाडलं गेलं. त्याच्या आठवणीसाठी पडलेल्या क्रुसाचं शिल्प उभारलं आहे. गाइड इथून भराभर पुढे नेतात. थांबवा त्यांना. शहराने आपल्याच हाताने काय गमावलं ते समजायला याहून चांगली जागा नाही.

मग तेरैरो दे जेझुस चौक. इथलं आजचं कॅथेड्रल म्हणजे सतराव्या शतकातलं जेझुइटांचं, म्हणजे एका कॅथलिक धर्मसंघाचं, चर्च. त्याचा दगड पोर्तुगालहून जहाजाने आणलेला लिओझ चुनखडक आहे. शेजारच्या इमारतीत 1808 मध्ये ब्राझीलचं पहिलं वैद्यकीय विद्यालय सुरू झालं. तिथल्या आफ्रो-ब्राझिलियन संग्रहालयात कारिबे या कलावंताने लाकडात कोरलेली 27 ओरिशांची, म्हणजे कांदोंब्ले या आफ्रिकी मुळाच्या धर्मातल्या देवतांची, मोठमोठी फलकं आहेत. त्यांना निदान अर्धा तास द्या. प्रत्येक देवतेची आयुधं, वस्त्रं, प्राणी वेगळे आहेत. एकदा ती ओळखता आली, की पुढे रस्त्यातल्या माळांचे रंग आणि बायकांचे पोशाख आपोआप वाचता येतात.

सोन्याच्या मुलाम्यासाठी प्रसिद्ध असलेलं साव फ्रान्सिस्को चर्च समोरच आहे, पण फेब्रुवारी 2025 मध्ये त्याच्या छताचा भाग कोसळून एक तरुण पर्यटक दगावली आणि चर्च बंद करण्यात आलं. कुठला भाग उघडा आहे हे गाइडला आदल्या दिवशीच विचारा. त्याला लागूनच असलेल्या ‘थर्ड ऑर्डर’च्या, म्हणजे फ्रान्सिस्कन पंथाच्या गृहस्थ अनुयायांच्या, चर्चचा दर्शनी भाग मात्र चुकवू नका. 1703 च्या सुमाराचं हे दगडी कोरीवकाम पुढे गिलाव्याखाली झाकलं गेलं होतं आणि विसाव्या शतकात पुन्हा उघडं झालं.

इथून उतारावरून पेलोरिन्यो चौकात या. ‘पेलोरिन्यो’ म्हणजे गुलामांना बांधून फटके मारण्याचा खांब. चौकातलं निळं चर्च ‘रोझारियो दोस प्रेतोस’ म्हणजे काळ्या लोकांचं रोझरीचं चर्च. गोऱ्यांच्या चर्चमध्ये ज्यांना मानाने जागा नव्हती, त्या गुलाम आणि मुक्त आफ्रिकनांच्या बंधुसंघाने ते अठराव्या शतकात उभारलं. दिवसभराची मजुरी संपल्यावर उरलेल्या वेळात काम, त्यामुळे पुरं व्हायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. आत संत बेनेडिक्ट, संत इफिजेनिया असे कृष्णवर्णीय संत आहेत आणि मागे गुलामांची दफनभूमी. आमचं स्पष्ट मत असं, की साल्वादोरमध्ये एकच चर्च आतून पाहायला वेळ असेल तर सोन्याचं नाही, हे पाहा. मंगळवारी संध्याकाळी सहाच्या प्रार्थनेला जमलं तर उत्तमच. आफ्रिकी ढोलांच्या तालावर ती चालते. ती खरी उपासना आहे, तेव्हा मागे उभे राहा आणि मोबाइल खिशात ठेवा.

एवढं चालणं जेमतेम दीड किलोमीटर, पण चढउतार आणि गोटीसारखे गुळगुळीत दगड यांमुळे तीन-साडेतीन तास धरा. चपटी सँडल घसरते. मागे पट्टा असलेले, रबरी तळाचे बूट घाला. एप्रिल ते जून हे सर्वाधिक पावसाचे महिने. तेव्हा हा उतार ओला असतो आणि पाय मुरगळतात ते इथेच.

प्रश्न: गाइड खरा आहे हे कसं ओळखायचं? – एक वाचक, नागपूर

ब्राझीलमध्ये गाइडचा व्यवसाय 1993 च्या कायद्याने नियंत्रित आहे. त्याची पर्यटन मंत्रालयाच्या ‘कादास्तूर’ नोंदवहीत नोंद असावी लागते आणि गळ्यात ओळखपत्र असतं. ते मागून पाहा. त्यावर भाषा लिहिलेली असते. इंग्रजी नसेल, तर फाडफाड बोलणाराही तारखांच्या पलीकडे जाणार नाही.

पैसे ठरवताना चार गोष्टी विचारून घ्या: किती तास, प्रवेशशुल्क धरलं आहे का, चर्चच्या आत नेणार की बाहेरूनच, आणि मध्ये रत्नांच्या दुकानात थांबणार का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘पाच मिनिटं’ असं आलं, तर अर्धा तास समजा. बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात, आणि रविवारी सकाळी चर्चमध्ये मिस्सा चालू असते. मंगळवार ते शनिवारमधला दिवस निवडा.

गाइडने सांगितलेलं सगळंच खरं मानू नका. खालच्या शहरातल्या मेर्कादो मोदेलो बाजाराच्या तळघरात आफ्रिकेतून आणलेले गुलाम कोंडून ठेवत, ही कथा हमखास ऐकायला मिळते. हिशेब जुळत नाही. ती इमारत 1861 ची, जकातघर म्हणून बांधलेली, आणि ब्राझीलमध्ये गुलाम आणण्यावर प्रभावी बंदी 1850 मध्येच आली होती. देशांतर्गत गुलामगिरी मात्र 13 मे 1888 पर्यंत चालू राहिली. या शहरातला खरा इतिहासच इतका भयानक आहे, की त्यात भर घालायची गरज नाही.

प्रश्न: मी शाकाहारी आहे. रस्त्यावरचा आकाराजे खाता येईल का? – एक वाचक, सांगली

वडा खाता येईल, सारण नाही. आकाराजे हा चवळीचा वडाच. चवळी भिजवून, चोळून तिची सालं काढतात. सालं पाण्यावर तरंगतात, ती ओतून टाकायची. मग चवळी वाटून, कांदा-मीठ घालून लाकडी पळीने इतकी फेटतात, की पीठ हलकं होऊन फुगतं. पळीनेच गोळा तेलात सोडतात. तेल देंदे नावाच्या पामफळाचं, गडद केशरी. ते करपू नये म्हणून कढईत एक कांदाही टाकलेला दिसेल. फेटणं कमी पडलं, की वडा आतून घट्ट आणि तेलकट होतो. चांगल्या आकाराजेला बाहेर कुरकुरीत कड येते आणि आत जाळी पडते.

तळल्यावर तो मधून चिरून त्यात वातापा, कारुरु, कोशिंबीर आणि सुकी कोळंबी भरतात. अडचण इथे आहे. वातापा म्हणजे पाव किंवा पीठ, नारळाचं दूध, काजू, शेंगदाणे आणि वाटलेली सुकी कोळंबी. कारुरु भेंडीचं, पण त्यातही कोळंबी. म्हणून नुसतं ‘कोळंबी नको’ म्हणून भागत नाही, वरची कोळंबी काढतील आणि आतली राहील. ‘सो सालादा इ पिमेंता’ म्हणा, म्हणजे फक्त कोशिंबीर आणि तिखट. केळीच्या पानात वाफवलेला आबारा मात्र टाळा, त्याच्या पिठातच बहुधा सुकी कोळंबी असते. ‘केंची?’ म्हणजे ‘गरम?’ असं विचारलं, तर ते तिखटाबद्दल असतं.

पहिल्या दिवशी एकच खा. देंदे तेल जड असतं, सवय नसलेल्या पोटाला दुसरा वडा झेपत नाही. आणि पांढरा झगा, फेटा, माळा घालून हे विकणाऱ्या बाइयाना बायकांकडे नुसत्या ‘फोटोची सोय’ म्हणून पाहू नका. त्यांच्या व्यवसायाला ब्राझील सरकारने 2005 मध्ये राष्ट्रीय अमूर्त वारसा म्हणून नोंदवलं आहे, आणि आकाराजे हा मुळात इयांसां देवतेचा नैवेद्य. केवळ फोटोसाठी नटून उभ्या असलेल्या बायका वेगळ्या. त्यांच्याशी पैसे आधी ठरवा.

प्रश्न: गोवा आणि साल्वादोर, दोन्ही पोर्तुगीजांचे. काही नातं दिसतं का? – एक वाचक, मडगाव

पुष्कळ. जुन्या गोव्यात ज्यांचा देह आहे, ते संत फ्रान्सिस झेवियर 1686 पासून साल्वादोरचे नगररक्षक संत आहेत. साथीच्या वर्षी शहराने त्यांना साकडं घातलं होतं, आणि 10 मे हा त्यांचा दिवस. स्थानिकांनाही हे नेहमी आठवतंच असं नाही, कारण लोकांची श्रद्धा बोंफिम चर्चमधल्या ख्रिस्तावर.

गोव्याहून लिस्बनला परतणारी जहाजं इथे थांबत. भारतातून आंबा आणि फणस इकडे आला. ‘जाका’ हा शब्द मल्याळम ‘चक्का’वरून आलेला. बाजारात ‘जाका मोली’ आणि ‘जाका दुरा’ अशा दोन जाती विचारतात, म्हणजे आपला बरका आणि कापा! उलट्या वाटेने काजू ईशान्य ब्राझीलमधून आपल्याकडे आला, नावासकट. बोंफिमला मनगटावर बांधतात त्या फितीला ‘फिता’च म्हणतात. आपली फीत तिथलीच. हॉटेलची चावी मागताना ‘शावी’ म्हणा, काम होईल.

आणखी एक नातं गोव्याचं नाही, भारताचं. 1949 मध्ये, गांधीजींच्या हत्येनंतरच्या वर्षी, इथल्या गोदी कामगारांनी ‘फिल्योस दे गांधी’, म्हणजे गांधींची लेकरं, हे पथक काढलं. पांढरी वस्त्रं, टॉवेलचे फेटे, निळ्या-पांढऱ्या माळा घालून ते कार्निव्हलमध्ये आजही निघतं. त्यांचं कार्यालय पेलोरिन्योतच आहे. गाइडला दाखवायला सांगा.

प्रश्न: बोंफिमला काय पाहायचं? फीत कशी बांधतात? – एक वाचक, वसई

1754 चं हे चर्च जुन्या शहरापासून साधारण 8 किलोमीटरवर आहे, टॅक्सीनेच जा. मूळ फीत 47 सेंटिमीटर लांब, इथल्या ख्रिस्तमूर्तीच्या हाताच्या मापाची. ती मनगटाला दोन वेढे देऊन तीन गाठी मारतात, दर गाठीला एक इच्छा. कापायची नाही, झिजून आपोआप तुटू द्यायची. रस्त्यात ‘भेट’ म्हणून कोणी बांधायला लागला, तर हात मागे घ्या, लगेच पैसे मागतो. चर्चच्या जाळीवर बांधलेल्या हजारो फिती पाहिल्यावर आतली नवसाची खोली पाहा. छताला मेणाचे हातपाय, डोकी टांगलेली आहेत. वांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचे अवयव वाहणाऱ्या वाचकांना वेगळं काही सांगायला नको. शुक्रवारी बरेच लोक पांढरे कपडे घालून येतात. तुम्हीही घाला.

परतताना ‘बारा’ भागातल्या दीपगृहाशी सूर्यास्त पाहा. तो वर्षभर सव्वापाच ते सहाच्या आसपास होतो, तेव्हा बोंफिमहून चारलाच निघा.

प्रश्न: सुरक्षितता? आणि लस लागते का? – एक वाचक, ठाणे

दिवसा पेलोरिन्योच्या मुख्य रस्त्यांवर पोलीस असतात. वरच्या शहरातून खाली जाणाऱ्या उतरणींच्या रस्त्यांनी पायी जाऊ नका, लिफ्टच घ्या. अंधार पडल्यावर टॅक्सी. मोबाइल हातात धरून चालू नका, फोटो काढायचा तेव्हा भिंतीला पाठ लावून काढा. हातावर रंगाने नक्षी काढणारे आणि कपोएरा हा नाचासारखा युद्धखेळ खेळणारे फोटोनंतर पैसे मागतात. द्यायचे नसतील तर कॅमेरा वर करू नका.

लस अत्यावश्यक. ब्राझीलहून परतणाऱ्याकडे पीतज्वराच्या (यलो फीवर) लसीचं प्रमाणपत्र नसेल, तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. प्रमाणपत्र लस घेतल्यावर 10 दिवसांनी लागू होतं आणि पुढे आयुष्यभर चालतं. लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर, ठरावीक वारीच मिळते, म्हणून निदान महिनाभर आधी वेळ घ्या. पासपोर्ट बरोबर न्या, त्याचा नंबर प्रमाणपत्राच्या पिवळ्या पुस्तिकेत लिहितात आणि तो चुकला तर परतीच्या विमानतळावर खोळंबा होतो. वय साठच्या वर असेल, अंड्याची ॲलर्जी असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, तर केंद्रावर जाण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा.