एलईडी लुकलुकतो, पण बॉक्स ढिम्म

प्रश्न : टीव्ही भिंतीवर गेला, सेट-टॉप बॉक्स आणि ॲम्प्लिफायर खालच्या बंद कपाटात. रिमोट चालावा म्हणून टीव्हीखाली टीएसओपी १७३८ हा इन्फ्रारेड रिसीव्हर चिकटवला, तीनपदरी वायर कपाटात नेली आणि त्याच्या आउटपुटवर इन्फ्रारेड एलईडी जोडून तो बॉक्ससमोर लावला. मोबाइलच्या कॅमेऱ्यात एलईडी लुकलुकताना दिसतो, बॉक्स मात्र हलत नाही. दोन टीएसओपी बदलले. टीव्ही चालू असताना एलईडी कधीकधी आपोआपही लुकलुकतो. चूक कुठे?
— एक वाचक, मिरज

उत्तर : तुमचे दोन्ही टीएसओपी चांगले होते, जपून ठेवा. ही जोडणी घेऊन माझ्याकडे बरेच जण येतात आणि प्रत्येकाला कॅमेऱ्यानेच चकवलेलं असतं.

ऊन, बल्ब, चूल, सगळ्यांतून इन्फ्रारेड निघतं. त्या गर्दीत आपला सिग्नल ओळखू यावा म्हणून रिमोटचा एलईडी सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा उघडझाप करतो आणि या उघडझापीचे लांब-आखूड तुकडे म्हणजे बटणाचा कोड. टीएसओपी ही उघडझाप गाळून टाकतो आणि नुसते तुकडे बाहेर देतो. तेच तुम्ही एलईडीला दिलेत. कॅमेऱ्याला प्रकाश दिसला. पण बॉक्समधला रिसीव्हर ३८ किलोहर्ट्‌झ शोधत बसलेला, त्याच्या लेखी काही आलंच नाही.

म्हणजे गाळलेली उघडझाप परत घालायला हवी. त्यासाठी ५५५ हा टायमर आयसी पुरतो. सात आणि आठ नंबरच्या पायांमध्ये १ के (किलोओहम) रेझिस्टर, सहा आणि सातमध्ये १८ के; दोन आणि सहा एकत्र जोडून तिथून ग्राउंडला १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर, ज्यावर १०२ छापलेलं असतं. साधारण ३९ किलोहर्ट्‌झ मिळतात, तेवढा फरक बॉक्स चालवून घेतो. आता नीट बघा : टीएसओपीचं आउटपुट एरवी हाय असतं आणि सिग्नल आला की लो होतं. म्हणून ते थेट चार नंबरच्या रीसेटला देऊ नका, सगळं उलटं चालेल. मध्ये बीसी ५४७ ट्रान्झिस्टर घाला. टीएसओपीच्या आउटपुटवरून बेसला १० के, कलेक्टर रीसेटला आणि तिथून पाच व्होल्टला आणखी एक १० के, एमिटर ग्राउंडला. तीन नंबरच्या पायावरून १०० ओहममधून एलईडी. सोल्डरिंग नको असेल तर आयआर रिपीटर नावाने तयार किट मिळतं, त्यात हेच असतं.

आपोआप लुकलुकण्याचं कारण बहुतेक टीव्हीच्या बॅकलाइटमध्ये आहे. टीएसओपी पडद्यापासून वीतभर दूर न्या. त्याच्या पायांपाशीच सप्लायमध्ये १०० ओहम आणि ग्राउंडला ४.७ मायक्रोफॅरड लावा. कपाटातल्या टोकाला लावून उपयोग नाही. तीनपदरी वायरऐवजी लॅन केबल घ्या : तारांच्या एका पिळात सिग्नल आणि ग्राउंड, दुसऱ्यात सप्लाय आणि ग्राउंड. सिग्नल आणि सप्लाय एकाच पिळात कधीही नको.

पुढे १७३८ मिळाला नाही तर दुकानदार ३८२३८ देईल. दिसायला तसाच, पण पाय वेगळे. घुमट आपल्याकडे धरला की १७३८ मध्ये डावीकडून ग्राउंड, सप्लाय, आउटपुट. ३८२३८ मध्ये आउटपुट, ग्राउंड, सप्लाय. जुन्याच जागी तसाच खोचलात तर उलटा सप्लाय जाऊन तो जळेल.

एलईडी चिकटवण्याआधी बॉक्सच्या काळ्या पट्टीवर टॉर्च तिरका धरा. आत मसुराएवढा घुमट दिसेल, एलईडी बरोबर त्याच्यासमोर आला पाहिजे.