ग्रीनवर भोकं पडलीत, बंकर उकरलेत, तरी गोल्फ कोर्स खुला आहे. खेळायला जावं का?

तुमचा प्रश्न असा आहे: महिन्यापूर्वी मखमलीसारख्या दिसणाऱ्या ग्रीनवर (होलभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवतावर) आता सगळीकडे भोकं आणि वाळू आहे, तीन होलवर, म्हणजे खेळाच्या टप्प्यांवर, तात्पुरती ग्रीन केलीत, बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, उकरून ठेवलेत. कोर्स उतरणीला लागला का, आणि अशा वेळी पैसे भरून खेळावं का?

मी बरीच वर्षं कोर्सच्या देखभालीचं काम केलं आहे. भोकं पाहून घाबरू नका. मला काळजी वाटते ती ज्या ग्रीनला वर्षानुवर्षं एकही भोक पाडलेलं नाही, त्याची.

ग्रीनवरचं गवत साधारण तीन-साडेतीन मिलिमीटर उंचीवर कापलेलं असतं. वर रोज माणसांची आणि यंत्रांची वर्दळ, आणि गवताच्या बुडाशी मेलेल्या काड्या-मुळांचा थर साचत जातो. आम्ही त्याला थॅच म्हणतो. हा थर स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो, खाली हवा जात नाही, आणि मुळं खोल जायची सोडून वरच्या वरच पसरतात. म्हणून पोकळ दात असलेलं यंत्र फिरवून मातीच्या बोटभर लांब कांड्या उपसून काढतात आणि भोकांत वाळू भरतात. यालाच एअरेशन म्हणतात. एकदा दुर्लक्षित ग्रीनमधून काढलेली अशी कांडी मी हातात घेऊन मोडली होती. वरचे दोन बोटं हिरवट-तपकिरी, खाली काळा कुळकुळीत पट्टा, आणि सडक्या अंड्यासारखा वास. मुळं त्या पट्ट्यापर्यंत येऊन थांबलेली. वरून पाहिलं तर ते ग्रीन अगदी देखणं होतं! पुढच्या कडक उन्हाळ्यात मात्र त्याचे पट्टेच्या पट्टे जळाले.

गवत जोमाने वाढायच्या दिवसांत हे काम केलं तर भोकं साधारण दोन-तीन आठवड्यांत बुजतात. बर्म्युडासारख्या उष्ण हवेच्या गवताला ते उन्हाळ्यात मानवतं, बेंटसारख्या थंड हवेच्या गवताला वसंतात किंवा शरदात. म्हणून क्लबला फोन करून एकच विचारा, ‘एअरेशन कोणत्या तारखेला झालं?’ आठवडाच झाला असेल तर पटिंगची, म्हणजे चेंडू होलकडे घरंगळवण्याची, मजा येणार नाही, चेंडू टणटण उडत जाईल. तीन आठवडे झाले असतील तर खुशाल जा.

तात्पुरत्या ग्रीनची गोष्ट वेगळी. ती फेअरवेच्याच, म्हणजे ग्रीनकडे जाणाऱ्या पट्ट्याच्या, गवतात जरा खाली कापून केलेली असतात, त्यामुळे त्यावरच्या पटिंगला फारसा अर्थ नसतो. अठरापैकी तीन होल असे असतील तर मी जाईन, निम्मे असतील तर सवलत मागेन, आणि मागायला लाजायचं कारण नाही.

पण त्या होलची मूळ ग्रीन नव्याने बांधायला पूर्ण खोदली असतील तर मला उलट आनंद होतो. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने, म्हणजे यूएसजीएने, 1960 मध्ये ग्रीन बांधायची एक पद्धत प्रसिद्ध केली, ती सुधारणांसह आजही वापरात आहे. तळाशी निचऱ्याचे पाइप, त्यावर सुमारे 10 सेंटिमीटर खडी, त्यावर 30 सेंटिमीटर वाळूचं मिश्रण. गंमत अशी की बारीक वाळूतलं पाणी खालच्या जाड खडीत लगेच उतरत नाही. ते वाळूतच अडून राहतं, मुळांना ओल मिळते, आणि जास्त पाऊस झाला की भाराने खाली सुटतं. जुन्या, नुसत्या मातीच्या ग्रीनला हे जमत नाही. फक्त एक लक्षात ठेवा, नवं ग्रीन पहिलं वर्षभर टणक लागतं. चेंडू पडतो आणि थांबायच्या ऐवजी पळतो. ‘नवीन ग्रीन बिघडवलं’ अशी तक्रार तेव्हा हमखास ऐकू येते. तो गवताच्या वयाचा दोष, बांधणीचा नाही.

बंकरचंही तसंच. पावसात कडेची माती वाळूत उतरते, वाळू घट्ट होते, पाणी साचतं. मग सगळी वाळू काढून निचरा नव्याने करावाच लागतो.

खेळायला गेलात तर नियमांचं थोडं. दुरुस्तीची जागा म्हणून पांढऱ्या रेषेने आखलेल्या भागात चेंडू गेला किंवा तिथे उभं राहावं लागलं, तर दंडाशिवाय सुटका मिळते (नियम 16.1): अडथळा पूर्ण टळेल अशी सर्वांत जवळची जागा शोधायची, तिथून एका क्लबच्या (खेळायच्या काठीच्या) लांबीच्या अंतरात, होलच्या जवळ न जाता, चेंडू ड्रॉप करायचा, म्हणजे हातातून सोडायचा. होलसाठी तात्पुरतं ग्रीन वापरात असेल, तर मूळ ग्रीन ‘चुकीचं ग्रीन’ ठरतं. चेंडू त्यावर थांबला तर तिथून मारायचा नसतो, सुटका घ्यावीच लागते. आणि ज्यावर हमखास वाद होतो तो मुद्दा: 2019 पासून ग्रीनवरचे चेंडूचे खळगे, बुटांच्या खुणा दुरुस्त करायची मुभा आहे, पण एअरेशनची भोकं त्यात येत नाहीत. ती बोटाने दाबून बुजवू नका. क्लबने स्थानिक नियम लावला असेल तरच भोकात अडकलेल्या चेंडूला सुटका मिळते, म्हणून पहिल्या टीवर, म्हणजे सुरुवातीच्या जागेवर, जाण्याआधी सूचना फलक वाचा. पटच्या वाटेवरची सैल वाळू मात्र हाताने झटकलीत तरी चालते.