जपमाळेची रहस्ये छतावर नेमकी कुठे शोधायची?

प्रश्न असा आहे: व्हेनिसच्या जेझुआती चर्चच्या छतावर अठराव्या शतकातला चित्रकार तिएपोलो याने कॅथलिक जपमाळेचा (रोझरी) विषय रंगवला म्हणतात, पण मधल्या मोठ्या चित्रात जिना आणि गर्दीच दिसते. मग रहस्ये कुठे आहेत?

मधल्या चित्रात ती नाहीतच. जपमाळेत 'रहस्य' म्हणजे येशू आणि मरियेच्या जीवनातला, मनन करायचा प्रसंग. त्या काळी असे प्रसंग १५ होते: आनंदाचे, दुःखाचे आणि गौरवाचे प्रत्येकी ५. प्रकाशाची रहस्ये २००२ मध्ये आली, ती इथे शोधू नका. हे प्रसंग भोवतीच्या लहान, एकरंगी चित्रांत आहेत. ती लांबून नक्षीकामच वाटतात आणि नजर त्यांच्यावरून सरळ पुढे जाते. दुर्बीण जरूर न्या.

मधले चित्र (१७३७-३९) परंपरेनुसार जपमाळ लोकांच्या हाती आली त्या क्षणाचे आहे. त्याच्या अगदी खाली उभे राहू नका. जिन्याचा पायथा नजरेत खालच्या बाजूला येईल असे तोंड करा, मग चार पावले मागे सरा आणि खालून वर वाचत जा. तळाशी पाखंडी (चर्चची शिकवण नाकारणारे) कोसळताहेत, काही तर चौकटीबाहेर आले आहेत. मग पायऱ्या, वर माळ देणारा, डॉमिनिकन संघाचा संस्थापक संत डॉमिनिक, आणि ढगांत बाळासह मरिया. खाली घट्ट, जड रंग. वर जावे तसे ते विरळ आणि उजळ होत जातात. गूढ दाखवण्याची तिएपोलोची खरी ताकद मला या चढणीतच दिसते.

हे छत फ्रेस्को, म्हणजे ओल्या गिलाव्यावर रंगवलेले चित्र आहे. फ्रेस्कोत एका दिवसात रंगवून होईल तेवढाच चुन्याचा ओला गिलावा चढवतात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होतो आणि रंग त्यातच पकडला जातो. अझुराइट या खनिजासारखा निळा रंग मात्र बहुधा गिलावा वाळल्यावर डिंक, अंडे अशा बंधकाने लावत. तो आधी सुटतो. म्हणून जुन्या फ्रेस्कोत आकाश किंवा मरियेचा झगा फिका, डागाळलेला दिसला, तर तो चित्रकाराचा हेतू समजू नका. तिरप्या उजेडात दिवसादिवसाचे सांधेही दिसतात. ज्या तुकड्याची कड शेजारच्यावर चढलेली, तो नंतरचा.

चर्चमध्ये त्रैक्याचे, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या एकाच देवाच्या तीन व्यक्तींचे चित्र पाहताना वेगळा नियम लक्षात ठेवा. १७४५ मध्ये पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी पवित्र आत्मा तरुण पुरुषाच्या रूपात रंगवणे अमान्य केले. पित्याचे वृद्ध रूप चालले, कारण बायबलमधल्या दानिएलाच्या ग्रंथात तसा दृष्टान्त आहे. आत्म्यासाठी येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळचे कबुतर.