पुण्याहून शनिवार-रविवारात पणजीचं फोंतेन्हास नीट पाहून होतं का? कसं जावं?

होतं. फोंतेन्हास म्हणजे पोर्तुगीज काळातल्या घरांची जुनी वस्ती, तीन-चार गल्ल्या, रमत-गमत तीन तास. वेळ खातो तो प्रवास. शुक्रवारी रात्री स्वारगेटहून पणजीची स्लीपर धरा. सकाळी कदंब स्टँडवर उतराल, तिथून ऊरेम खाडी ओलांडून पायी दहा-पंधरा मिनिटं. गोवा एक्सप्रेस पुण्याहून दुपारीच सुटते, म्हणजे शुक्रवारची रजा गेली. वर मडगावहून पणजीला पुन्हा बस. स्वतःची गाडी असेल तर स्टँडजवळच्या पाटो भागातच लावा, आतल्या गल्ल्यांत ती अडकते.

सकाळी नऊच्या आत फिरायला लागा, हा माझा आग्रह. खाडी पूर्वेला आणि आल्तिनोची टेकडी पश्चिमेला, त्यामुळे खाडीकाठच्या घरांवर ऊन सकाळीच पडतं. दुपार कलली की सूर्य टेकडीआड जातो आणि रंग मलूल दिसतात. शिवाय दुपारी एक ते चार बरीच दुकानं बंद असतात.

पोर्तुगीज काळात दर पावसाळ्यानंतर घर रंगवावं लागे आणि पांढरा रंग चर्चसाठी राखीव असे, म्हणून भिंती पिवळ्या, निळ्या, तांबड्या. भिंती जांभ्याच्या, जांभा पाणी पितो, त्यामुळे गिलावा आणि रंग पावसात लवकर उतरतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घरं सर्वांत टवटवीत असतात.

खिडक्यांपाशी मात्र थांबाच. काच महाग होती तेव्हा लाकडी चौकटींच्या खाचांत पातळ, चपटे शिंपले बसवत. त्यातून उजेड दुधाळ येतो, झळ येत नाही. बऱ्याच ठिकाणी आता काच आलीय, त्यामुळे शोधावे लागतात.

सेंट सेबॅस्टियन चॅपेल एरवी बहुधा बंद. प्रार्थनेच्या वेळी गेलात तर आतला क्रूस दिसेल. तो आधी जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या वाड्यात होता, मग पणजीच्या राजवाड्यात. 1918 मध्ये इथे आला. त्यावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत, आणि असं क्वचितच दिसतं. तिथून मळा भागातल्या मारुती मंदिराच्या पायऱ्या चढा, वरून कौलांचा पसारा दिसतो. पायथ्याशी फोंत फेनिक्स झरा आहे. वस्तीचं नाव झऱ्यावरूनच पडलं.

या घरांत माणसं राहतात. ओट्यावर बसून, दाराला टेकून फोटो काढू नका. हवाच असेल तर आधी विचारा.