भुसावळच्या उन्हाळ्यातला सावरडो: स्टार्टर फेकू नका

ताई, बरणी तशीच राहू द्या. सावरडो म्हणजे विकतच्या यीस्टशिवाय, घरच्या आंबवलेल्या पिठावर फुगणारा पाव; त्याच्या स्टार्टरसाठी, म्हणजे विरजणासाठी, तुम्ही कणीक-पाणी कालवून ठेवलं, दुसऱ्या दिवशी काठापर्यंत फसफसलं, चौथ्या दिवशी गप्प झालं आणि कुबट वास सुटला. आता केळीची साल घालू का, असं तुम्ही विचारलंत. सालीची अजिबात गरज नाही.

दुसऱ्या दिवशीचा तो फुगारा यीस्टचा नसतोच. तो पिठातल्या बॅक्टेरियांचा. कुरडयांचे गहू भिजत घातल्यावर घरात जो वास फिरतो, त्याच जातीचा हा वास. आंबटपणा वाढला की हे बॅक्टेरिया बसतात, लॅक्टिक आम्ल करणारे टिकतात, आणि ते आम्ल सोसणारं यीस्ट मागून सावकाश वाढतं. मधले काही दिवस सगळं मेल्यासारखंच दिसतं.

ते यीस्ट चक्कीवरच्या कोंड्यासकट पिठात आधीच आहे. फळांच्या सालीवर बहुतेक वेगळ्याच जातीची यीस्ट असतात, हॅन्सेनियास्पोरासारखी; ती गोडावर तुटून पडतात, पण आंबट पिठात सहसा टिकत नाहीत. पावाचं ओळखीचं यीस्ट, सॅकरोमायसीस, तर न फुटलेल्या सालीवर क्वचितच मिळतं. यीस्टला पंख नाहीत, म्हणून ते फळासारखा वास सोडतं. त्या वासावर चिलटं येतात आणि त्याला पुढच्या फुटक्या फळावर नेतात. गांधीलमाशीच्या आतड्यात ते हिवाळा काढतं, हे इटलीतल्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं. आपल्या सातपुड्यात मोहाची फुलं भिजवली की विकतचं यीस्ट न घालता आंबतात, ती याच रानातल्या यीस्टवर.

सावरडोतली यीस्ट आणि बॅक्टेरियाची जोडी तर मला फार आवडते. त्यातलं कझाकस्तानिया ह्युमिलिस हे यीस्ट माल्टोज ही पिठातली साखर खातच नाही, ती सोबतच्या बॅक्टेरियाला मिळते. खाण्यावरून भांडण नाही, म्हणून ही जोडी वर्षानुवर्षं टिकते.

तुमची खरी अडचण ऊन आहे. या यीस्टला २५ ते २८ अंश मानवतात. पस्तिशीच्या वर ते मंदावतं आणि आंबटपणा तेवढा वाढत जातो. बरणीला ओलं फडकं गुंडाळून माठाशेजारी ठेवा, पाणी माठातलंच वापरा. सकाळ-संध्याकाळ १० ग्रॅम जुनं स्टार्टर, ५० ग्रॅम कणीक, ५० ग्रॅम पाणी कालवा. ज्वारीचं पीठ वापरलंत तर फुगण्यावर जाऊ नका, त्यात बुडबुडे धरून ठेवणारा चिकटपणा नसतो; वास बघा. कुबट जाऊन दह्यासारखा, मग फळासारखा वास आला की जमलं. वर तपकिरी पाणी साचलं तर ते उपाशी आहे, खायला द्या. केसाळ बुरशी किंवा गुलाबी-केशरी छटा दिसली तर मात्र सगळं फेकून बरणी उकळत्या पाण्याने धुवा.