मामांची सॅन स्टॉर्म ही दोन सीटची स्पोर्ट्स कार 12 वर्षांपासून नागपुरात उभी आहे. पुन्हा रस्त्यावर आणता येईल का? खर्च किती येईल? एकदा सुरू करून पाहतो, मग ठरवतो.

येईल. पण आधी हे सांगा, कोणी नवी बॅटरी आणून सेल्फ मारला तर नाही ना? "एकदा सुरू करून पाहतो, मग ठरवतो" असं तुम्ही प्रश्नात लिहिलंय. ते वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून हे लिहायला बसलो.

आमच्याकडे हीच गाडी आहे. पिवळी, गोव्यात बनलेली, 1149 सीसीचं रेनो इंजिन. बाबांनी 2003 साली मुंबईच्या एका गृहस्थाकडून सेकंडहँड घेतली आणि स्वतः चालवत नागपूरला आणली. प्रतापनगरात पोरं ती पाहायला फाटकाशी येऊन उभी राहायची. 2008 ला बाबांचे गुडघे गेले. एवढ्या खालच्या सीटवर बसणं-उठणं जमेना, तेव्हा गाडी मागच्या पत्र्याच्या शेडखाली गेली आणि नऊ उन्हाळे तिथेच राहिली. 2013 च्या मेमध्ये नागपूरचा पारा 47.9 वर गेला होता, तेव्हाही ती त्याच पत्र्याखाली होती. त्या उन्हात रबराचं काय होतं ते नागपूरकराला वेगळं सांगायला नको. कूलरचा पाइपसुद्धा दोन उन्हाळ्यांत कडक होऊन तडकतो.

2017 ला बाबांना 75 पूर्ण झाली. मी तेव्हा नोकरीसाठी भिलाईला होतो. दादाने ठरवलं, वाढदिवसाला गाडी सुरू करून दाखवायची. नवी बॅटरी आणली, टाकीतल्या जुन्या पेट्रोलवरच पाच लिटर नवं ओतलं, रेडिएटर पाण्याने भरला आणि सेल्फ मारला. गाडी सुरू झाली. माझ्याकडे व्हिडिओ आहे. बाबा खुर्चीतून उठून बोनेटवर हात ठेवून उभे आहेत, वहिनी टाळ्या वाजवतायत. थोड्या वेळाने खालची नळी फुटते, पाणी फरशीवर पसरतं, पण त्या गोंगाटात कोणाचंच लक्ष जात नाही. दादा आणखी रेस देतो. मग पांढरा धूर येतो आणि सहाव्या मिनिटाला इंजिन बंद पडतं. बाबांचा हात तोवर बोनेटवरच आहे.

इंजिनचं हेड, म्हणजे वरचं झाकण, अ‍ॅल्युमिनियमचं. पाण्याविना तापून वाकलं, त्याच्या खालचं सील, म्हणजे गॅस्केट, उडालं. इंजिन उघडल्यावर आणखी एक दिसलं. दोन सिलिंडरच्या बोअरला, म्हणजे आतल्या भिंतींना, गंज धरला होता आणि त्याच्यावरून पिस्टनच्या रिंगा कोरड्याच घासल्या गेल्या होत्या. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की ऑइल सगळं खाली चेंबरमध्ये उतरतं, वरच्या भिंती कोरड्या पडतात. मामांच्या गाडीत 12 वर्षांत हेच झालेलं असणार.

म्हणून आधी प्लग काढा. प्रत्येक भोकातून थोडं इंजिन ऑइल सोडा आणि चार दिवस मुरू द्या. मग गाडी न्यूट्रलला ठेवून क्रँकच्या पुलीला पाना लावा आणि इंजिन हाताने फिरवा. अडलं तर जोर लावू नका, पुन्हा ऑइल सोडा, थांबा. दोन फेरे मोकळे फिरले तरच पुढे जायचं. टायमिंग बेल्ट, पाण्याच्या आणि पेट्रोलच्या सगळ्या नळ्या, ब्रेकचे वॉशर वरून कितीही चांगले दिसोत, बदलायचेच. पेट्रोलच्या नळ्या इथेनॉल झेपणाऱ्या घ्या. आताच्या पेट्रोलात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ही गाडी त्याच्या कितीतरी आधीची आहे. टाकी उतरवून धुवा. एअर फिल्टरचं झाकणही उघडून पाहा, आमच्यात उंदरांनी गादीचा कापूस भरून ठेवला होता.

फायबरची बॉडी आहे, तिला गंज कुठून लागणार, असं सगळे सांगतील. पण खालची चेसिस, म्हणजे सांगाडा, लोखंडीच आहे. गाडी वर उचलून, खाली शिरून स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहा, खास करून सस्पेन्शन बसतं तिथे. टोक आत गेलं की तेवढा भाग कापून नवा वेल्ड करावा लागतो. हे पाहिल्याशिवाय खर्चाचा आकडा सांगणारा माणूस तुम्हाला फसवतोय. बॉडीला तडे असतील तर साध्या डेंटरकडे नेऊ नका. तो लांबी (पुट्टी) भरून रंग मारून देईल आणि पुढच्या मेमध्ये तडा परत वर येईल. फायबरचंच काम करणारा, मॅट आणि रेझिन लावणारा माणूस शोधा. आम्हाला हिंगणा एमआयडीसीत मिळाला.

मला दोन वर्षं आणि 2 लाख 70 हजार लागले. त्यातले 85 हजार त्या सहा मिनिटांचे. गॅस्केट किट बाहेरून मागवलं. याच घराण्याचं इंजिन युरोपात क्लिओ आणि ट्विंगोमध्ये होतं, म्हणून तिकडे मिळतं.

दादा आजही म्हणतो, "काटा तं खालीच होता बे! गॅस्केट आधीच गेलेलं असन." टेम्परेचरचा सेन्सर पाण्यात बुडालेला असला तरच काटा खरं सांगतो. पाणी निघून गेलं की सेन्सर हवेत राहतो आणि इंजिन जळत असतानाही काटा खाली दिसू शकतो. 2019 च्या दिवाळीत मी सेन्सर काढून, लांब वायर आणि अर्थ जोडून, उकळत्या पाण्याच्या पातेल्यात बुडवून दादाला दाखवला. काटा वर गेला. बाहेर काढला, खाली आला. तो म्हणाला, "गाडीतलं वेगळं असते." वेगळं नसतं. तुम्हीही काट्यावर विसंबू नका, फरशीवर पाणी दिसतंय का ते पाहा.

दादाने हे बाबांसाठीच केलं होतं, ते मला मान्य आहे. जानेवारी 2020 मध्ये गाडी तयार झाली तेव्हा त्यानेच बाबांना उचलून सीटवर बसवलं आणि आम्ही फुटाळा तलावावर जाऊन आलो.

दोन गोष्टी राहिल्या. विकायच्या विचाराने करणार असाल तर करू नका, पैसे निघत नाहीत. आणि कागद पाहा. 15 वर्षं झाली म्हणून खासगी गाडी नागपुरात आपोआप भंगारात जात नाही, पण नोंदणीचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी करावं लागतं आणि त्यासाठी गाडी आरटीओत तपासणीला न्यावी लागते.

चेसिसचे खालून काढलेले फोटो टाका, म्हणजे खर्चाचं बोलता येईल. तोवर बॅटरी जोडू नका.