जुन्या डक्टेबल एसीच्या थर्मोस्टॅटला तीनच वायरी आहेत, त्या जागी वाय-फाय थर्मोस्टॅट बसेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्यात जुना बंगला घेतलाय, हॉल आणि दोन खोल्यांना मिळून एकच डक्टेबल एसी (एका युनिटची गार हवा डक्टमधून खोल्यांत सोडणारा) आहे, भिंतीवर गोल थर्मोस्टॅट (तापमान पाहून एसी चालू-बंद करणारा स्विच) आहे. झाकण काढल्यावर लाल, पिवळी आणि हिरवी अशा तीन बारीक वायरी दिसल्या. बहिणीने अमेरिकेहून आणलेला वाय-फाय थर्मोस्टॅट मात्र चौथी वायर मागतोय, आणि वायरमन म्हणतो, "हे आपल्याकडं चालत नाही."

चालतं. पण स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी एक गोष्ट पक्की करा: त्या वायरींत २४ व्होल्ट आहेत की २३०? अमेरिकेत घरातले बहुतेक थर्मोस्टॅट २४ व्होल्ट एसीवर चालतात (व्होल्टबरोबरचं एसी म्हणजे विजेचा प्रकार, अल्टरनेटिंग करंट; थंड करणारं यंत्र नव्हे). आपल्याकडे बऱ्याच डक्टेबल युनिटांत आणि पंखा-कॉइलवाल्या यंत्रणांत थर्मोस्टॅटमधून थेट २३० व्होल्ट खेळवलेले असतात. तिथे अमेरिकी थर्मोस्टॅट जोडला तर तो त्याच क्षणी जळेल, आणि हात लागला तर तुमच्या जिवावर बेतेल. वायर बारीक आहे यावरून अंदाज बांधू नका. टेस्टरवरही विसंबू नका. निऑनचा टेस्टर २४ व्होल्टला पेटतच नाही, त्यामुळे "सप्लायच नाही" असा गैरसमज होतो.

मल्टिमीटरच लागेल. युनिटचे सगळे एमसीबी बंद करा (घरातल्या आणि बाहेरच्या युनिटचे बहुधा वेगळे असतात). थर्मोस्टॅट ऑफवर ठेवून झाकण काढा, मग एमसीबी चालू करा आणि मीटर एसी व्होल्टच्या सर्वात वरच्या रेंजवर ठेवून लाल आणि पिवळ्यात मोजा. २४ ते २८ च्या आसपास आकडा आला तर तुमची यंत्रणा लो व्होल्टेजची आहे. २३० च्या जवळपास आला तर इथेच थांबा. त्या जागी २३० व्होल्टचाच थर्मोस्टॅट घ्यायचा. दोनच वायरी असून समोर डिजिटल पडदा असेल, किंवा युनिटवर पी१-पी२ असं लिहिलं असेल, तर तो थर्मोस्टॅट नव्हे, वायरवाला रिमोट. तो बदलता येत नाही. साध्या स्प्लिट एसीलाही हा प्रकार लागू नाही.

२४ निघाले असं धरून, एमसीबी पुन्हा बंद करून पुढे जाऊ. आतल्या युनिटमध्ये एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, २३० चे २४ करणारा, बहुतेक वेळा ४० व्हीएचा, म्हणजे जेमतेम पावणेदोन अँपिअर देणारा. त्याचं एक टोक 'आर', दुसरं टोक 'सी' (जोडणीच्या स्क्रूंपाशी R, C अशी अक्षरं असतात; पुढची वाय, जी वगैरे ही तशीच, Y, G). थर्मोस्टॅट म्हणजे शेवटी एक स्विच: तो आर ला वाय शी जोडतो तेव्हा कॉम्प्रेसरचा कॉन्टॅक्टर (कॉइलने ओढला जाणारा मोठा स्विच) ओढला जातो, 'जी' शी जोडतो तेव्हा पंखा सुरू होतो. डब्ल्यू हीटरसाठी, आणि ओ/बी हीट पंपाच्या (थंड आणि गरम दोन्ही करणाऱ्या एसीच्या) व्हॉल्व्हसाठी. तुमचं युनिट फक्त थंड करणारं आहे, म्हणून आर, वाय, जी (बहुधा तुमची लाल, पिवळी, हिरवी) या तिघांवर भागलं. जुन्या गोल थर्मोस्टॅटला स्वतःला वीज लागत नव्हती, आत धातूची पट्टी वाकायची आणि संपर्क जुळायचा. वाय-फायवाल्याला मात्र चोवीस तास वीज हवी, आणि ती परत जायला सी हवी. चौथी वायर म्हणजे तीच.

काही कंपन्या "सी नसली तरी चालेल" म्हणतात. असे थर्मोस्टॅट वाय किंवा जी च्या कॉइलमधून थोडी वीज चोरून घेतात. सगळं जुळलं तर चालतं; नाही जुळलं तर कॉन्टॅक्टर किरकिरतो, पंखा आपोआप सुरू होतो, दोन-तीन दिवसांत बॅटरी उतरून वाय-फाय तुटतं. माझं स्पष्ट मत आहे: सी वायर द्या, या भानगडीत पडू नका.

सी कशी द्यायची? आधी भिंतीतली केबल जरा बाहेर ओढून बघा. पुष्कळदा चार-पाच कोअरची (आत तेवढ्या सुट्या वायरी असलेली) केबल टाकलेली असते आणि न लागणारे कोअर मागे गुंडाळून ठेवलेले असतात. तसा एखादा सापडला तर तो दुसऱ्या टोकाला युनिटच्या बोर्डावर सी वर लावा, काम झालं. नसेल तर जुन्या केबलच्या टोकाला नवी बांधून कंड्युटमधून (भिंतीतल्या वायरींच्या पाइपातून) ओढून घ्या: पाच कोअर, ०.७५ चौ. मिमी फ्लेक्झिबल पुरते. ही केबल २३० च्या वायरींबरोबर एकाच पाइपात घालू नका. तिथलं इन्सुलेशन सोललं गेलं तर थर्मोस्टॅटवर थेट फेज येईल.

फॉल सीलिंग फोडायची नसेल तर एक तोडगा आहे. हिरवी वायर 'जी' वरून काढून दोन्ही टोकांना 'सी' वर लावायची, आणि युनिटच्या बोर्डावर 'वाय' आणि 'जी' मध्ये छोटा जंपर (दोन्ही जोडणारा वायरीचा तुकडा) द्यायचा, वाय ची मूळ वायर आहे तिथेच ठेवून. कॉम्प्रेसर सुरू झाला की पंखाही सुरू होईल. नुसता पंखा चालवायची सोय तेवढी जाते. फक्त थंड करणाऱ्या युनिटला हे बिनधास्त चालतं.

ट्रान्सफॉर्मरच जळालेला निघाला तर एमआयडीसीत कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्यांकडे चौकशी करा: २३०/२४ व्होल्ट, ४० व्हीए किंवा थोडा जास्त, आणि आउटपुट एसी. एलईडी पट्ट्यांचा २४ व्होल्ट डीसी सप्लाय देऊ केला तर घेऊ नका. ट्रान्सफॉर्मरला २०८ आणि २४० असे दोन टॅप (इनपुट जोडायच्या जागा) असतील तर २४० चा वापरा. २०८ वर आपले २३० दिले की खाली साडेसव्वीस व्होल्ट निघतात.

जोडताना जुन्या वायरींचा फोटो काढा आणि प्रत्येकीवर चिकटपट्टीने अक्षर लिहा. रंगावर जाऊ नका; हाताशी असेल ती वायर वापरायची सवय सगळीकडे आहे. आर आणि सी एकमेकांना टेकू देऊ नका. एमसीबी चालू असताना नुसती ठिणगी दिसते, पण बोर्डावरचा तीन किंवा पाच अँपिअरचा फ्यूज उडतो, आणि फ्यूज नसेल तर ट्रान्सफॉर्मर जातो. "नवा थर्मोस्टॅट बसवला आणि सगळंच बंद पडलं" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हाच फ्यूज असतो.

भिंतीतून वायर बाहेर येते ते भोक एम-सीलने किंवा सिलिकॉनने बुजवा. बारीक वाटतं, पण उन्हाने तापलेल्या छताची गरम हवा कंड्युटमधून उतरून थेट सेन्सरवर येते. मग खोली गार असून पडद्यावर २९ अंश दिसतात आणि कॉम्प्रेसर थांबतच नाही. थर्मोस्टॅटची जागा जमिनीपासून साधारण पाच फुटांवर, आतल्या भिंतीवर, टीव्ही आणि पश्चिमेच्या खिडकीपासून लांब.

सेटिंगमध्ये सेल्सियस करा, यंत्रणेचा प्रकार 'फक्त कूलिंग' निवडा (हीट पंप निवडलात तर गोंधळ होईल), आणि कॉम्प्रेसरचा डिले (बंद झाल्यावर पुन्हा सुरू होण्याआधीचा थांबा) पाच मिनिटांवर ठेवा. हा डिले आपल्याकडे फार मोलाचा आहे. लाइट जाऊन लगेच आली तर दाबाखाली असलेला कॉम्प्रेसर पुन्हा ओढायला जातो आणि वाइंडिंगवर ताण येतो. व्होल्टेज पडलं तरही लक्ष द्या: घरात १८० आले की ट्रान्सफॉर्मरमधून १९ सुद्धा निघत नाहीत, कॉन्टॅक्टर नीट ओढला जात नाही आणि थरथरून त्याचे पॉइंट जळतात. तो दोष थर्मोस्टॅटचा नसतो. तिथे लाइनचा किंवा स्टॅबिलायझरचा बंदोबस्त करावा लागतो.

बिलाचं म्हणाल तर बचत वाय-फायने होत नाही, वेळापत्रकाने होते. २४ अंशांवरून सुरुवात करा. एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. साताऱ्यात एप्रिल-मेमध्येही पहाटे बऱ्यापैकी गारवा असतो, तेव्हा पहाटेनंतर एसी बंद होईल असं लावा आणि खिडक्या उघडा.

जुना गोल थर्मोस्टॅट फेकण्याआधी उघडून पाहा. आत काचेची छोटी नळी आणि तिच्यात चांदीसारखा हलणारा थेंब दिसला तर तो पारा आहे. नळी फोडू नका, घंटागाडीत टाकू नका; जाड झाकणाच्या बरणीत ठेवून ई-कचरा घेणाऱ्याला पारा आहे असं सांगून द्या.